यूएसडीटी विकायचेत. अनोळखी माणसाकडून यूपीआयवर पैसे घेऊ का?

सांगलीचा_पोरगा | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो, घरूनच व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो. गेल्या महिन्यात एका परदेशी क्लायंटने, बँकेच्या भानगडी नकोत म्हणून, माझे पैसे यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) पाठवले. ६४० यूएसडीटी. वॉलेटमध्ये दिसतायत, पण त्यावर वाणसामान येत नाही, आणि घराचा हप्ता ५ तारखेला आहे.

टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमध्ये एक जण बाजारभावापेक्षा साडेतीन रुपये जास्त द्यायला तयार आहे. म्हणतो, "भाई, पहले पेमेंट, फिर रिलीज." म्हणजे पैसे आधी माझ्या खात्यात येणार. नुसत्या एसएमएसवर विश्वास न ठेवता मी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघणार आणि मगच कॉइन सोडणार. मला यात धोका दिसत नाही. बायको मात्र म्हणते, ओळख ना पाळख, हा माणूस तुला सव्वादोन हजार रुपये वरचे का देईल? याचं उत्तर माझ्याकडे नाही. जाणकारांनी सांगावं.

टपरीवर_भेटू | सोमवार, रात्री ९:५०

वहिनींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. धागा इथेच संपला खरं तर. :)

रोकडा_व्यवहार | सोमवार, रात्री १०:०५

मी तीन वर्षं पीटूपी (म्हणजे थेट माणसामाणसात क्रिप्टोची खरेदी-विक्री) करतोय, एकदाही त्रास झाला नाही. पैसे आले की आले, यूपीआयला काही "अनडू"चं बटण नसतं. क्रेडिट कार्डासारखं चार्जबॅकही नाही, म्हणजे तक्रार करून बँकेकडून पैसे परत खेचणं. फक्त खोट्या स्क्रीनशॉटला भुलू नका. उगाच घाबरवू नका हो नव्या माणसांना.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:३१

मीही सांगलीचाच. आमच्या घरात तीन पिढ्या हळदीचा व्यापार. आजोबा मार्केट यार्डात रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, आणि त्या काळी बाहेरगावचा नवा गिऱ्हाईक आला की एकच गोष्ट बघायचे: चेक वटला का? चेक हातात आहे म्हणजे पैसे आले, असं ते कधीच धरत नसत. वटेपर्यंत पोती गोदामातून हलत नसत. गिऱ्हाईक रागावला तरी चालेल, चहा पाजू, पण गाडी भरणार नाही.

हे सांगायचं कारण असं की खात्यात जमा झालेला आकडा म्हणजे वटलेला चेक, असं आपण यूपीआयमुळे मानायला लागलो आहोत. रोजच्या व्यवहारात ते खरंही आहे. क्रिप्टोच्या सौद्यात मात्र "वटायला" किती दिवस लागतील हे कोणालाच माहीत नसतं. आणि हळदीची पोती निदान ट्रकमध्ये असतात, ट्रकचा नंबर असतो, तो अडवता येतो.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:२०

रोकडा_व्यवहार, तुमच्याच जागी मी दीड वर्षापूर्वी होतो. सविस्तर लिहितो.

नाशिकला असतो. एका ॲपच्या पीटूपीवर यूएसडीटी विकायचो. ॲपवर समोरच्याचं केवायसी झालेलं, एस्क्रो असतो (सौदा पुरा होईपर्यंत माल ॲपच्या ताब्यात), त्यामुळे मी निर्धास्त. एका व्यवहारात ४८,००० रुपये आले, पण पाठवणाऱ्याचं नाव वेगळं. ॲपवर पुरुषाचं नाव, बँकेत बाईचं. चॅटवर विचारलं तर म्हणाला, "भाभी का अकाउंट है, मेरा लिमिट खत्म." मला ते पटलं. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण एक लाखाची, संपतेच की. कॉइन सोडले.

१९ दिवसांनी द्वारका चौकाजवळच्या पंपावर पेट्रोल भरलं, स्कॅन केलं, तर पेमेंट फेल. दुसऱ्यांदा फेल. मागे गाड्यांची रांग. बँकेच्या ॲपमध्ये १,१२,६४० रुपये दिसत होते, पण एक रुपया हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी मॉनिटर माझ्याकडे वळवला. एका ओळीत "डेबिट फ्रीझ", त्याखाली एक तक्रार क्रमांक आणि दक्षिणेतल्या एका राज्याच्या सायबर पोलिसांचं नाव. म्हणाल्या, "आमच्या हातात काही नाही, तिकडून पत्र आलं तरच उघडेल."

झालं होतं असं. ती "भाभी" खरी होती, पण त्याची कोणी नव्हती. तिला कोणीतरी घरबसल्या कामाचं आमिष दाखवून "सिक्युरिटी डिपॉझिट" भरायला लावलं होतं, आणि डिपॉझिटसाठी दिलेला यूपीआय आयडी माझा होता. तिने पैसे मला पाठवले, कॉइन मी त्याला पाठवले. त्याने स्वतःच्या खात्यातून एक पैसाही न काढता ४८,००० चे यूएसडीटी नेले. तिने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली तेव्हा कागदावर चोर कोण? मी.

पुढचे साडेचार महिने मी चॅटचे स्क्रीनशॉट, ऑर्डर नंबर, वॉलेटचे व्यवहार, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, हे सगळं त्या ठाण्याला मेल करत होतो. गाडीचा हप्ता बाउन्स झाला, प्रत्येक वेळी ५९० रुपये दंड. आईची औषधं मित्राकडून उसने घेऊन आणली. शेवटी खातं उघडलं, पण ते ४८,००० कोर्टाच्या आदेशाने त्या बाईंना परत गेले. कॉइन गेले ते गेलेच.

म्हणून सांगतो, बटण नसतं हे खरं आहे. पण पैसे परत फिरायला बटण लागत नाही.

रोकडा_व्यवहार | सोमवार, रात्री ११:३४

वाचून वाईट वाटलं. पण दादा, चूक तिसऱ्याच्या नावाचं पेमेंट घेण्यात झाली. तेवढं पाळलं तर पीटूपी सुरक्षित आहे, या मतावर मी ठाम आहे.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:४१

ती चूक माझीच, मान्य. पण नाव जुळलं तरी खात्री नाही. भाड्याने दिलेली खाती असतात, ज्यांना म्यूल खाती म्हणतात. कॉलेजच्या पोराला पाच-दहा हजार देऊन त्याचं खातं, सिम, केवायसी सगळंच घेतात. मग ॲपवरही त्याचं नाव, बँकेतही त्याचंच. नाव जुळतं, पैसा चोरीचाच असतो.

आणि पोलीस पैशाचा माग काढतात तो एका खात्यावर थांबत नाही. पहिला लेयर, दुसरा, तिसरा असे ते खाली उतरत जातात. चोरीचा पैसा तुमच्याकडे येण्याआधी तीन खाती फिरून आलेला असला तरी होल्ड लागू शकतो. तीन वर्षं काही झालं नाही याचा मला आनंदच आहे, पण त्यावर पुढच्या माणसाला भरवसा देऊ नका, ही हात जोडून विनंती.

जर्सीकर | मंगळवार, पहाटे ४:१२

इकडे अमेरिकेत हा खेळ फार जुना आहे, आणि इथे तर बटण खरोखर असतं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये माझ्याकडे ३ बिटकॉइन होते. भाव तेव्हा शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपास. एका फोरमवर गिऱ्हाईक मिळालं, त्याने ऑनलाइन पेमेंट कंपनीतून (नाव लिहीत नाही) पैसे पाठवले. मी शिल्लक बघितली, बिटकॉइन पाठवले, त्याने आभार मानले, छान झालं. सहा आठवड्यांनी मेल आला: खातेदाराने हा व्यवहार अनधिकृत असल्याचं कळवलंय, रक्कम परत घेतली आहे, तुमची शिल्लक उणे आहे, कृपया भरा. मी पुरावा म्हणून ब्लॉकचेनवरचा व्यवहार पाठवला. उत्तर आलं, कुरिअरची पावती द्या. बिटकॉइनला कुरिअरची पावती कुठून आणू? विक्रेत्याला जे संरक्षण होतं ते हातात धरता येणाऱ्या मालापुरतं होतं. नोव्हेंबरमध्ये भाव हजार डॉलरवर गेला, तेव्हा तो उणे आकडा मी अजून भरत होतो.

नंतर कळलं, ते खातं एका म्हाताऱ्या गृहस्थांचं होतं, पासवर्ड चोरीला गेलेला. माझं "गिऱ्हाईक" कोण होतं ते आजतागायत माहीत नाही.

इथल्या मराठी पोरांसाठी एवढं सांगतो. पेपालवर (ऑनलाइन पेमेंट कंपनी) तक्रार करायला १८० दिवस असतात. "फ्रेंड्स अँड फॅमिली"ने, म्हणजे घरच्या-मित्रांच्या व्यवहाराच्या पर्यायाने, घेतले की परत जात नाहीत असा समज आहे, पण पाठवणाऱ्याने मागे कार्ड जोडलं असेल तर तो आपल्या कार्डाच्या बँकेकडे जाऊ शकतो, आणि खातंच चोरीचं असेल तर पैसे परत जाणारच. बँकेतून एसीएचने (इथली बँक-टू-बँक पद्धत) आलेले पैसे खात्यात दिसतात, पण ग्राहकाला अनधिकृत व्यवहार कळवायला स्टेटमेंटपासून ६० दिवस असतात. या प्रत्येक मुदतीत तुमचे कॉइन मात्र साधारण तासाभरात पक्के झालेले असतात. बिटकॉइनचा एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांचा, व्यवहार पक्का धरायला असे सहा ब्लॉक (कन्फर्मेशन) धरले तर तासभर. एका बाजूला तास, दुसऱ्या बाजूला सहा महिने. चोर त्या दोन घड्याळांच्या मधल्या फटीत राहतो.

टपरीवर_भेटू | मंगळवार, सकाळी ८:१५

कुरिअरची पावती... बिटकॉइन बबल रॅपमध्ये गुंडाळून पाठवायला हवे होते. पण जर्सीकर, मनापासून वाईट वाटलं.

म्युनिकची_मनीषा | मंगळवार, दुपारी १:०८

युरोपात थोडं वेगळं. सेपाच्या (युरोपातली बँक पेमेंट व्यवस्था) डायरेक्ट डेबिटने, म्हणजे घेणाऱ्याने आपल्या खात्यातून थेट ओढून, घेतलेले पैसे ग्राहक आठ आठवड्यांत कारण न देता परत मागू शकतो आणि व्यवहार अनधिकृत असेल तर १३ महिन्यांपर्यंत. साधं बँक ट्रान्स्फर असं सहज फिरवता येत नाही. म्हणून इथले लोक "मला ट्रान्स्फरच करा" म्हणतात. पण गोदाकाठ यांच्यासारखी तिहेरी फसवणूक ट्रान्स्फरमध्येही होतेच, कारण तिथे पाठवणारा माणूस खरा असतो आणि स्वतःच्या हाताने पाठवतो.

जुना_खाणकामगार | मंगळवार, दुपारी २:४५

थोडं अवांतर, पण मुळाशी जाणारं. बिटकॉइन जन्माला आलं तेच या प्रश्नातून. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो नावाने जो नऊ पानांचा लेख आला, त्याच्या पहिल्याच भागात हा मुद्दा आहे: मधली वित्तसंस्था आली की तंटे सोडवणं आलं, तंटे आले की व्यवहार उलटणं आलं, आणि उलटण्याची शक्यता आली की विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने बघणार, त्याची नको तेवढी माहिती मागणार. त्यावर उपाय म्हणून न उलटणारा पैसा.

गंमत अशी की बिटकॉइनची डॉलरमधली पहिली नोंदलेली विक्री झाली ती पेपालवरच. १२ ऑक्टोबर २००९, मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ५,०५० बिटकॉइन ५ डॉलर २ सेंटला विकले. न उलटणारा पैसा, उलटणाऱ्या पैशाच्या बदल्यात. तेव्हा माणसं मोजकी, एकमेकांना ओळखणारी, म्हणून निभावलं.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये माउंट गॉक्स हे बिटकॉइनचं एक्स्चेंज सुरू झालं तेही पेपालवर. ऑक्टोबर २०१० पर्यंत चार्जबॅकने जीव मेटाकुटीला आला आणि त्यांनी मुख्य भरणा लिबर्टी रिझर्व्ह या ऑनलाइन पैशाच्या कंपनीकडे वळवला. तिथले पैसे उलटत नसत. ती लिबर्टी रिझर्व्ह मे २०१३ मध्ये अमेरिकी सरकारने काळ्या पैशाच्या आरोपाखाली बंद पाडली. म्हणजे उलटणारा मार्ग घेतला तर चोर येतात, न उलटणारा घेतला तरी चोरच येतात, फक्त वेगळ्या दाराने. १५ वर्षांत हे कोडं सुटलेलं नाही. ज्या कोणी सांगितलं की "आमच्या ॲपवर सुटलंय", त्याला एवढंच विचारा की एस्क्रोमध्ये नेमकं काय ठेवता? कॉइन ठेवतात. रुपये थेट बँकेतून बँकेत जातात. कॉइन अडकवून ठेवल्याने घेणाऱ्याची सोय होते, विकणारा पळून जाऊ शकत नाही. विकणाऱ्याला मिळालेले रुपये चोरीचे निघाले तर एस्क्रो काय करणार? तो तेव्हा रिकामा झालेला असतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी ३:१०

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून लावायला हवं. मला एस्क्रो म्हणजे दोन्ही बाजूंचा जामीन वाटत होता.

मनस्विनी_ठाणे | मंगळवार, रात्री ८:३३

मी इथे फारशी लिहीत नाही, पण गोदाकाठ यांचं वाचून राहवलं नाही. मी त्या "भाभी"च्या बाजूची आहे.

माझी आई ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. २०२२ मध्ये तिला मेसेज आला, वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कापणार, या नंबरवर फोन करा. बाबा तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होते. लाइट जाणार म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलंच नाही. तिने फोन केला, त्याने सांगितलेलं ॲप टाकलं, १० रुपये भरायला लावले आणि अकरा मिनिटांत तीन व्यवहारांत १,८६,००० रुपये गेले. मी ऑफिसातून घरी पोचले तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर फोन हातात धरून बसली होती. रडत नव्हती. "मी मुलांना गणित शिकवलं गं," एवढंच म्हणाली.

१९३० वर चाळीस मिनिटांत तक्रार गेली. १,८६,००० पैकी ६१,००० दोन खात्यांत अडवता आले, बाकीचे उडाले. अडलेल्यातलं एक खातं क्रिप्टो विकणाऱ्या एका मुलाचं होतं. त्याला माझा नंबर कसा मिळाला माहीत नाही. त्याने फोन केला, आधी चिडून, मग रडवेला होऊन. ताई, मी चोर नाही, तक्रार मागे घ्या, माझा पगार त्याच खात्यात येतो. खरं सांगते, तो खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही. पण मी तक्रार मागे घेतली नाही. आईचे ते पैसे सात महिन्यांनी परत आले.

त्यामुळे "बँक अन्याय करते, पोलीस सतावतात" असं इथे कोणी लिहिलं की मला दोन्ही चेहरे दिसतात. होल्ड लागला नसता तर आईला एक पैसाही मिळाला नसता. म्हणून सांगलीच्या भावाला माझं कळकळीचं सांगणं: साडेतीन रुपये जास्त देणारा माणूस ते स्वतःच्या खिशातून देत नाहीये. ते कोणाच्या तरी आईचे असण्याची शक्यता फार मोठी आहे. चोरीचा पैसा असला की घाईत दोन-चार टक्के सोडायला कोणाचं काय जातं?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:५८

मनस्विनीताई, त्या बाईंचा राग मी बरेच दिवस धरला होता. कोर्टाच्या कागदावर त्यांचा व्यवसाय "शिवणकाम" असा वाचला तेव्हा तो गेला. आईंना माझा नमस्कार सांगा.

वकीलसाहेब_सातारा | मंगळवार, रात्री ९:४०

कायद्याचं थोडक्यात. खाती गोठवणं पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली व्हायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६. खातं गोठलं तर घाबरून गावभर फिरू नका. शाखेतून तक्रार क्रमांक, ठाणं, वादातली रक्कम हे लेखी घ्या. मग तपास अधिकाऱ्याला सगळे पुरावे एकाच मेलने, क्रमाने पाठवा. वाद ४८,००० चा असताना लाखभर रुपये अडवणं योग्य नाही, होल्ड त्या रकमेपुरताच हवा, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली. निदान उरलेलं खातं मोकळं करा, ही मागणी करता येते. पण हे सगळं महिन्यांचं काम आहे आणि ठाणं परराज्यात असलं की भाषेपासून तयारी.

रोकडा_व्यवहार | मंगळवार, रात्री १०:०२

एक विचारतो. बरेच मर्चंट (पीटूपीवर नेहमी खरेदी-विक्री करणारे) सांगतात की पेमेंटच्या रिमार्कमध्ये यूएसडीटी, क्रिप्टो असं काही लिहू नका, बँक खातं बंद करते. मीही तेच सांगत आलोय. हे बरोबर की चूक?

वकीलसाहेब_सातारा | मंगळवार, रात्री १०:१५

चूक. उद्या तुम्हाला पोलिसांना पटवायचंय की हा पैसा मालाच्या बदल्यात आला आणि तुमच्याच स्टेटमेंटवर "हँड लोन" किंवा "गिफ्ट" लिहिलंय. प्रामाणिक माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचा पुरावा पुसतो.

हिशेबवाली | बुधवार, सकाळी ११:२७

मी सीए आहे. धाग्यात कराचा कोणी विचारच केला नाही, म्हणून लिहिते.

सांगलीच्या भावा, तुझे ६४० यूएसडीटी ज्या दिवशी आले त्या दिवसाच्या रुपयांतल्या किमतीला ते तुझं व्यवसायाचं उत्पन्न आहे. इन्व्हॉइस आणि त्या दिवसाचा भाव जपून ठेव. नंतर विकताना वर नफा झाला तर त्यावर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातही वळता होत नाही. हे १ एप्रिल २०२२ पासून. शिवाय १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. एक्स्चेंजवर विकलंस तर ते कापून घेतात आणि तुझ्या कापलेल्या कराच्या सरकारी विवरणात दिसतं. टेलिग्रामवरच्या माणसाला विकलंस तर कापायची जबाबदारी त्याची, मर्यादा वर्षाला १०,००० किंवा काहींना ५०,००० ची. तो तुझा पॅन घेऊन सरकारात टीडीएस भरणार आहे का? त्याला एवढंच विचार. उत्तरात माणूस कळेल.

दुसरी, आणि तुझ्यासाठी मोठी गोष्ट. परदेशी क्लायंटचे पैसे बँकेतून आले की बँक त्याचा दाखला देते. परकीय चलन आलं हे त्याने सिद्ध होतं, जीएसटीत निर्यात म्हणून सवलत मिळते. यूएसडीटीचा असा दाखला नाही. उद्या गृहकर्ज वाढवायला गेलास की बँक उत्पन्नाचा माग विचारेल. "बँकेच्या भानगडी नकोत" ही क्लायंटची सोय होती, तुझी नाही.

जुना_खाणकामगार | बुधवार, दुपारी १२:१९

हिशेबवाली ताईंना शंभर टक्के अनुमोदन. फक्त एक भर: यूएसडीटी "कधीच फिरत नाही" असं लोक धरून चालतात, तेही अर्धंच खरं. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरचे यूएसडीटी गोठवू शकते आणि तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून गोठवतेही. पण तेवढ्याने तुम्ही पाठवलेले कॉइन आपोआप तुमच्याकडे परत येत नाहीत. आणि एक्स्चेंजवर पाठवताना नेटवर्क नीट बघा, कारण यूएसडीटी ट्रॉनसारख्या वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर चालतं. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो. चुकीच्या नेटवर्कवर पाठवले की मेहनतीचे पैसे अधांतरी. आधी १० पाठवा, पोचल्यावर बाकीचे.

सांगलीचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी मनस्विनीताईंचं आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचलं. माझी आई पलीकडच्या खोलीत मालिका बघत होती. त्यानंतर मला त्या साडेतीन रुपयांचं बोलणंही नकोसं झालं.

त्या माणसाला मी हिशेबवाली ताईंनी सांगितलेलं विचारलं: माझा पॅन देतो, टीडीएस कापून भरशील का? आधी हसण्याच्या इमोजी. मग म्हणाला, आणखी एक रुपया वाढवतो, अर्ध्या तासात करायचं तर बोल. मी म्हटलं, तुझ्या स्वतःच्या नावाच्या खात्यातूनच येतील ना? तर म्हणाला, "पार्टनर का अकाउंट है." पाच मिनिटांत त्याच्या बाजूने सगळं चॅट गायब.

माझं एक्स्चेंजवर जुनं केवायसी होतं. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लागू झाला, एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा) नोंदणी लागते, ती आहे का हे आधी तपासलं. मग १० यूएसडीटी पाठवून बघितले, पोचले, नंतर ६३०. पीटूपीला हातच लावला नाही, सरळ बाजारात विकले. एक टक्का कापला. पैसे माझ्याच नावाच्या खात्यात दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्या टेलिग्रामवाल्याच्या हिशेबाने तीनेक हजार कमी आले असतील. क्लायंटलाही मेल केला की पुढचं इन्व्हॉइस बँकेतूनच, वायरचा अर्धा खर्च मी सोसतो. तो लगेच हो म्हणाला. मी आजवर विचारलंच नव्हतं.

रोकडा_व्यवहार | शुक्रवार, रात्री ९:३८

चांगलं केलंस भावा. मीही या आठवड्यात पगाराचं खातं पीटूपीपासून वेगळं केलं, आणि चालू असलेल्या दोन जाहिराती काढून टाकल्या. पूर्ण बंद करेन का ते अजून ठरत नाही, पण नव्या पोरांना "काही होत नाही" असं यापुढे सांगणार नाही.

टपरीवर_भेटू | शुक्रवार, रात्री ९:४०

वहिनींना दंडवत. हप्ता?

सांगलीचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९:४४

गेला. आज सकाळी.

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:५२

फार बरं वाटलं. एक विचारतो, चॅट त्याने पुसलं, पण त्याने पेमेंटसाठी तुझा यूपीआय आयडी आधीच घेतला होता का? घेतला असेल तर पुढचे काही दिवस अनोळखी नावाने काही जमा होतंय का बघत राहा. आलंच तर खर्चू नकोस आणि "चुकून आले, या नंबरवर परत कर" असा फोन आला तरी स्वतःहून कोणाला परत पाठवू नकोस. सरळ बँकेला लेखी कळव. आणि त्या ग्रुपचं नाव सायबर क्राइमच्या पोर्टलवर टाकलंस का?

सांगलीचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९:५९

आयडी दिला होता, पहिल्याच दिवशी. अजून काही आलेलं नाही, पण बघत राहतो. ग्रुपचं नाव आणि त्याचं युजरनेम माझ्याकडे एका स्क्रीनशॉटमध्ये आहे. आत्ताच टाकतो, पोर्टल उघडलंय.